फेटा बांधताना

स्वराली,

रविवारी तुला बघायला पाहुणे येणार, हे कळल्यापासून माझं डोकं फिरलंय. आज सांबऱ्यात तुझ्या दादाचा सत्कार होता. फेटा बांधायला मलाच बोलावलेलं. कॉलेज सोडल्यापासून हेच तर करतोय.

युद्धात स्वतःच्या विमानानं पेट घेतला असताना बाहेर पडलेला तो आत अडकलेल्या जोडीदारासाठी परत वळला, म्हणून त्याला हवाई दलाचं पदक मिळालं. आगीत शिरणारा माणूस तुझ्या आप्पांशी सहज बोलेल, असं मला वाटलं. फेट्याचं टोक त्याच्या हातात धरायला दिलं आणि कानाशी म्हटलं, "दादा, स्वराली आणि मी लग्न करणार. आप्पांना तुम्ही सांगा."

तो हलला न्हाय. "फेटा सैल पडला रं. आवळ." मग हळूच म्हणाला, "वळताना माझे पाय लटलटत होते. पण तिथं दुसरं कोण वळणार होतं? तुझं तूच बोल. उद्या घरी ये, मी शेजारी बसतो."

"माझं आडनाव ऐकून आप्पा हाकलतील."

"हाकलतील. तू उठू नकोस."

हे पत्र तुला देत न्हाय. उद्या मीच येतोय. दार तू उघड.

तुझाच,
संघर्ष