अव्यय

प्रिय प्रबोध,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. खोडलं नाही, एवढ्यावर समाधान मान. तू चौदाव्या मजल्यावर, मी नवव्या. लिफ्ट आहे, व्हॉट्सअ‍ॅप आहे. तरी कागद घेतला, कारण तोंडाने बोललो असतो तर कॉलेजपासूनची मैत्री पाच मजल्यांत निकालात निघाली असती.

रविवारी टचलाइनवरून तू जे ओरडलास, त्याबद्दल लिहितोय. दहा वर्षांच्या आतली पोरं, क्वीन्सटाउनचं मैदान, सेमीफायनल, एक-एक अशी बरोबरी. कोच मी. आणि ज्याचा खेळाशी संबंध कॅरमच्या पावडरपुरता, असा तू अर्धा तास गरजत होतास. सूत्रकार एक आणि भाष्यकार बारा, अशी आमच्या टीमची अवस्था. बाकीचे आईबापही ओरडतात, पण त्यांची चिनी भाषा मला कळत तरी नाही. तू मराठीत ओरडतोस, कारण तुला वाटतं ती आपली गुप्त लिपी आहे.

शेवटची दोन मिनिटं. तुझा वरुण उजवीकडून बॉल घेऊन आत आला. माझा अनिश गोलपुढे एकटा, मोकळा, हात वर करून उभा. नुसता पाय लावायचा होता. आणि तू बोंबललास, "अव्ययाला देऊ नकोस! तूच मार!" वरुण आज्ञाधारक. बॉल बारवरून थेट पार्किंगमध्ये. मग पेनल्टीवर हरलो. हरण्याचं काही नाही रे, त्यात आपली टीम निष्णात आहे. पण नऊ वर्षांच्या पोराला, त्याच्या मित्राच्या बापाने, भर मैदानात! दुपारभर मी तुला मनातल्या मनात सगळ्या विभक्तींत शिव्या दिल्या. संबोधनापासून सुरुवात केली.

घरी चालत येताना अनिश त्याच्या इथल्या शाळकरी इंग्रजीत म्हणाला, "बाबा, अव्यय नेव्हर चेंज वन, राइट?" तुला कुणी सांगितलं, मी विचारलं. "आजी. लास्ट इयर." पुण्याच्या आजीला फोनवर अर्थ विचारून घेतला होता त्याने. म्हणजे वर्षभर त्याला सगळं कळत होतं, आणि तो दर रविवारी बूट घालून येत होता. आता ते बूट दाराबाहेर चिखलासकट पडलेत. या रविवारी येणार नाही म्हणतो. त्याची आई मराठीत जेवायला हाक मारते, तर म्हणतो, "व्हॉट?" रविवारपर्यंत इंग्रजीत का होईना, उत्तर द्यायचा. आता त्याला मराठी कळतच नाही.

एवढं वाचून तू मान खाली घातली असशील, तर वर कर. तो शब्द तुझा नाही. मागच्या वर्षी हॉकर सेंटरच्या टपरीवर चहा पिताना मीच तुला म्हणालो होतो, "आमचे चिरंजीव म्हणजे अव्यय. लिंग बदला, वचन बदला, जिथे ठेवाल तिथेच." तू हसता हसता चहा शर्टावर सांडलास. अनिश शेजारीच बसून बर्फाचा गोळा खात होता. आपण त्याला खुर्च्या-टेबलांत जमा धरलं. आणि तो हलत नाही, याचं कारण ऐक: गोलपुढून हलू नकोस, असं मीच सांगितलं होतं. पोरगा माझं ऐकत होता, प्रबोध. रविवारी तू ओरडलास तेव्हा मी आधी हसलो. राग नंतर आला. अनिशने माझ्याकडे पाहिलं ते मी हसत असताना.

अव्यय म्हणजे अक्षय, अविनाशी, असा साळसूद अर्थ काढून मला सुटता आलं असतं. काढणार नाही. ती चेष्टाच होती, आणि बापाने केलेली. त्याची क्षमा मागायला सोमवारपासून तीनदा तोंड उघडलं, तिन्ही वेळा त्यातून विनोदच बाहेर पडला. म्हणून हे पत्र. ते घेऊन अनिशच वर येईल. इथल्या शाळेत 'मातृभाषा' या विषयाला हिंदी घेतल्यामुळे त्याला देवनागरी उत्तम वाचता येते. पाकीट मी चिकटवलेलं नाही. नवव्यापासून चौदाव्यापर्यंत यायला त्याला जितका वेळ लागेल तितका लागू दे, खाली डोकावून हाका मारू नकोस. आणि दार उघडलंस की त्याच्याशी मराठीत बोल. "व्हॉट?" म्हणाला तरी.

रागावलेला, पण तुझाच,
मनोहर