मालनबाईचं रक्त

कन्नड,
४ मार्च २०२५

चि. निशास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

हे फोनवर बोलता आलं नसतं म्हणून लिहिते. एक तर मला ऐकू कमी येतं, आणि मोठ्यानं बोलायचा हा विषय नाय. इकडं सगळं ठीक. तुझा आतेभाऊ राजकुमार देवगाव रंगारीच्या शाळेत बदलून गेला. रोज जीपमध्ये अंगाचा चोळामोळा होतो म्हणतो. थोडं पोट उतरलं तर बरंच आहे.

मालनबाई आठवते ना, आपल्या गल्लीतली, बाजारात मेथी-कोथिंबीर घेऊन बसणारी? दिवाळीनंतर मीच तिला तुझ्या दवाखान्यात धाडलं होतं. आपलंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातला पिवळा भाग चेहऱ्यात टोचतात, गालावरचे वांगाचे डाग जातात, असं मीच तिला सांगितलं. जाहिरातीतले आधीचे-नंतरचे फोटो मीच मोबाइलवर दाखवले. माझी भाची मोठी डॉक्टर, हे मला चार बायकांत मिरवायचं होतं.

तीन वेळा ती तुझ्याकडं आली. दर वेळी चार दिवस तोंड सुजलेलं, टोचलेल्या जागी निळंजांभळं. डाग होते तसेच आहेत. तिची तक्रार नाय, हे ध्यानात घे. ती म्हणते, "डॉक्टरीणबाईचा काय दोष? माझ्या रक्तातच दम नाय." ज्याचं रक्त चांगलं त्याला गुण येतो, असं दवाखान्यात कुणीतरी तिला म्हणालं म्हणे. ते तिनं घरी सांगितलं आणि तिची सासू, मनकर्णाबाई, तेच धरून बसली. मालनबाईच्या लेकीचं, अमृताचं, लग्न ठरत आलंय. आता सासू म्हणते, आईचं रक्त नासकं, ते पोरीत उतरलं असणार. पाहुण्यांच्या कानावर गेलं तर काय होईल, तूच सांग.

रक्तात खोट असते का, एवढं कळव.

माया राहू दे.
तुझी
सत्यभामाआत्या


छ. संभाजीनगर,
११ मार्च २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

पत्र पोचलं. राजकुमारदादाला सांगा, पोट जीपनं उतरत नाही, पायी जावं लागतं.

मालनबाईंना काळजी करू नका म्हणावं. डेंग्यूत ज्या प्लेटलेट कमी होतात त्याच आम्ही रक्तातून वेगळ्या काढतो. त्यांच्यामुळं कातडी भरून यायला मदत होते. यावर बरेच अभ्यास झालेले आहेत. गुण माणसागणिक कमी-जास्त येतो. आणखी दोन वेळा आल्या तर फरक दिसेल कदाचित. दवाखान्यात गर्दी आहे, म्हणून थोडक्यात लिहिलं. रागावू नका.

तुमची
निशा


कन्नड,
१७ मार्च २०२५

चि. निशास,
आशीर्वाद.

मी एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर तुझ्या पत्रात नाय.

'बरेच अभ्यास' म्हणजे किती? किती बायकांवर? ज्यांना टोचलं नाय त्यांच्याशी ताडून पाहिलं का? चौथीत माझ्या वर्गात तू 'बरेच' लिहिलंस की मी लाल शाईनं खूण करायची. तू स्वतः वाचलंस का ते सगळं, का औषधवाल्यांनी सांगितलं तेवढंच? काल मनकर्णाबाईशी भांडून आले, पण माझ्या हातात काय होतं? भीमजयंती झाली की पाहुणे येणार आहेत. अमृता कालपासून जेवली नाय.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी
आत्या


छ. संभाजीनगर,
१ एप्रिल २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

मागच्या पत्रात मी पळवाट काढली. त्यानंतर दोन रविवार सगळं पुन्हा वाचलं. पुन्हा म्हणते, पण काही तर पहिल्यांदाच पुरतं वाचलं.

पुष्कळसे अभ्यास वीस-तीस जणांचे आहेत. रक्त किती फिरवायचं, किती वेळा टोचायचं, प्रत्येकाची रीत निराळी. काहींनी एका गालात हे टोचलं आणि दुसऱ्यात नुसतं मिठाचं पाणी. त्यात कधी कातडीचा पोत जरा सुधारलेला दिसतो. बाईला बरं वाटतं, पण कुठल्या गालात काय टोचलंय हे माहीत नसलेल्या डॉक्टरला फरक दिसेलच असं नाही. वांगासाठी पुरावा त्याहून तोकडा. मधुमेहातल्या न भरणाऱ्या जखमांना थोडा आधार आहे, तोही पक्का नाही. गुण आला नाही म्हणजे रक्तात खोट, असं कुठंही नाही.

आणि आत्या, ते वाक्य 'कुणीतरी' नाही, मीच बोलले होते. तिसऱ्या वेळी मालनबाईंनी आरसा मागितला. बराच वेळ बघत राहिल्या. मला काही सुचेना, तेव्हा तोंडातून निघून गेलं. त्यांनी तुमच्याजवळ माझं नाव घेतलं नाही, हे वाचल्यापासून मला आपल्याच दवाखान्यात मान वर करवत नाही.

'तुम्ही दिवसभर कुठं बसता?' एवढंही मी मालनबाईंना विचारलं नव्हतं. वांगाला आधी उन्हापासून जपावं लागतं, हे मी शिकलेय, परीक्षेत लिहिलंय. जाहिरातीतला आधीचा फोटो ट्यूबलाइटखाली काढलेला आहे आणि नंतरचा खिडकीशी, पावडर लावून. मला ठाऊक होतं. परवा ते फोटो काढून टाकले. माझ्या जोडीचे डॉ. अभय म्हणाले, चूक झाली असं लेखी दिलंस तर दवाखान्याचं हसं होईल. तरी दिलंय. सोबत कागद आहे आणि मालनबाईंच्या रक्ततपासणीची प्रत आहे. सगळं व्यवस्थित आहे, पहिल्या दिवसापासून होतं. कागद तुम्हीच वाचून दाखवा. मला यायचं धाडस होत नाही.

आशीर्वादाला अजून पात्र असेन तर
तुमची निशा


कन्नड,
१९ एप्रिल २०२५

चि. निशास,
आशीर्वाद आणि जयभीम.

कागद मी त्यांच्या ओसरीवर वाचला. मालनबाई, अमृता, मनकर्णाबाई आणि शेजारच्या दोघी होत्या. 'मालनबाई यांच्या रक्तात कोणताही दोष आढळलेला नाही. हा उपचार त्यांच्या डागांवर चालेल, असं सांगण्याइतका पुरावा माझ्याजवळ नव्हता. चूक माझी आहे.' मिरवलं मी होतं, हेही मग तिथंच सांगून टाकलं.

मनकर्णाबाईला वाचता येत नाय. 'चूक माझी' कुठं लिहिलंय ते तिनं विचारलं, त्या शब्दांवर बोट ठेवून पाहिलं आणि उठून आत गेली. त्यानंतर घरात रक्ताचा विषय निघाला नाय. परवा पाहुणे आले, अमृताचं पक्कं झालं.

मालनबाईनं मात्र कागद आणखी एकदा वाचायला लावला, सावकाश. मग म्हणाली, "इतकं लिहिता आलं, तर तवा बोलता का नाय आलं?"

तिला वाईट वाटलंय ते डागांचं नाय, निशा. तिसऱ्या खेपेपासून ती आपल्याच रक्ताला बोल लावत होती. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी द्यायचं नाय, आणि ते कागदावरही भागणार नाय. बाजाराच्या दिवशी ती सकाळपासून आपल्या जागेवर असते. गाडीतून उतरलीस की माझ्या घरी येऊ नकोस. आधी तिच्यासमोर जाऊन बस. मग जेवायला ये.

वाट बघते.
तुझीच
आत्या