खुर्चीचे कारण

शुक्रवार, १ मार्च २००२

आज मिस्सेच्या उपासनेत, शुभवर्तमानाच्या वाचनाला मी खाली बसले. सगळे उभे असताना!

प्रयत्न केला नाही असे नाही. पण प्रवेशगीतापासूनच उजवा खुबा कुरकुरत होता. आधी मुंग्या, मग आतून सळ, आणि मग तो पाय आपला उरतच नाही. इथे दोहात चर्च नाही, मिस्सा हॉलमध्ये; तिथे खुर्च्या थोड्या, त्या वयस्करांच्या. भिंतीकडची एक रिकामी होती, तिच्यावर टेकले आणि मान खाली घातली. मागच्या शुक्रवारी अशीच टेकले, तेव्हा पाठीमागून ऐकू आले होते — "ऑल्विनने नवरी आणली की महाराणी?"

आज मात्र आयरीन आंटी वळल्या, मला निरखून पाहिले आणि चक्क हसल्या. "बस बाय, बस! कळतं आम्हाला."

त्या इस्पितळात नर्स आहेत. एका दृष्टिक्षेपात ओळखले असेल का? मुंबईच्या डॉक्टरांनाही एक्स-रे काढावा लागला होता. मी इतकी कृतज्ञ झाले की परतीच्या टॅक्सीतही आंटींचे तेच वाक्य मनात घोळवत राहिले.

रविवार, ३ मार्च

आंटींकडून कैरीचे लोणचे आले. निरोप — "आंबट खावंसं वाटलं तर लाजू नको."

खुब्याच्या दुखण्यावर कैरी? हे कोणत्या वैद्यकात आहे!

सोमवार, ४ मार्च

उलगडा झाला. न होता तर बरे.

ऑल्विन संध्याकाळी धावतच जिना चढला. हातात द्राक्षांची पेटी. "साऱ्या दोहाला सांगितलंस, आणि मीच तेवढा परका?" ऑफिसात, आमच्या मिस्सेच्या मंडळीतल्या नॉर्मन अंकलनी त्याला मिठी मारून अभिनंदन केले होते.

लग्नाला पाच महिने झाले. त्याचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. "नाही रे, तसं काही नाही," म्हणाले. तो हसतच राहिला. पुन्हा म्हणाले. मग हसू थांबले.

"मी आईला फोन केला, स्टेफी."

म्हणजे आतापर्यंत वसईत आमच्या साऱ्या आळीला माहीत!

त्याने पेटी खाली ठेवली. मग — "मग खुर्ची कशाला घेतलीस?"

"खुबा..."

"खुबा, खुबा! रस्त्यावर तर नीट चालतेस."

सांधा जन्मापासून उथळ आहे, चालणे थोडे जमते, उभे राहणे जमत नाही — हे सारे लग्नाआधी त्याला सांगितले होते. तेव्हा म्हणाला होता, "दिसत तर नाही काही." मला ते कौतुक वाटले होते.

बुधवार, ६ मार्च

द्राक्षे तशीच. त्याने तोडगा काढला आहे — "पडलं म्हणून सांगू. मग कोणी काही विचारणार नाही. महिनाभर बसलीस तरी चालेल."

जे कधी नव्हतेच, त्याच्यासाठी लोकांना रडवायचे? आणि त्या रडण्यावर मी बसायचे?

शुक्रवार, ८ मार्च

काही बोलायच्या आतच आंटींनी पहिल्या रांगेत नेले. खुर्चीवर उशीसुद्धा! मी बसले. संपूर्ण मिस्सा झाली तरी काही दुखले नाही. खोटेपणात इतका आराम असतो हे ठाऊक नव्हते. घरी येऊन खूप रडले.

त्याआधी हॉलमध्येच नॉर्मन अंकलनी गाठले. मराठी मिस्सेची वाचने तेच ठरवतात. "झावळ्यांच्या रविवारी प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तांत. निवेदन तू करायचंस. एवढं स्वच्छ मराठी इथे कोणाचं आहे? आमची पोरं तर 'दुःख'सुद्धा इंग्रजीत करतात!"

इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून ईस्टरआधीचा आपला झावळ्यांचा रविवारही शुक्रवारी — बावीस तारखेला. वृत्तांत लांबलचक, आणि तो संपेपर्यंत सारी मंडळी उभी. निवेदक तर सर्वांसमोर.

मला हे वाचायचे आहे. या देशात आल्यापासून इतक्या तीव्रतेने मला काहीच हवेसे वाटले नव्हते. बाजारात मी मुकी, शेजाऱ्यांशी मोडके हिंदी. तो एक वृत्तांत — आणि माझा आवाज!

रविवार, १० मार्च

स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून मोठ्याने सराव केला. भाकऱ्याही त्याच्यावरच बसून भाजते; ऑल्विनचा आवडता टोमणा — "राणीसाहेबांचं सिंहासन." बसून आवाज अगदी स्थिर लागतो. उभे राहून तिसऱ्याच परिच्छेदाला वेदनेने शब्द दिसेनासे झाले.

शुक्रवार, १५ मार्च

सांगून टाकले!

आंटी उशी घेऊन आल्या. म्हणाले, "आंटी, मला दिवस गेलेले नाहीत." त्यांचे डोळे लगेच भरले. "पडलं का गो?" — "पडलं नाही. नव्हतंच. माझा खुबा अधू आहे." डोळे तत्क्षणी कोरडे झाले. "मग बसत होतीस कशाला?"

तोच प्रश्न! नवऱ्याचेही, नर्सचेही.

उशी परत गेली. मी भिंतीला टेकून उभी राहिले. मिस्सा संपल्यावर नॉर्मन अंकलना गाठले आणि वाचनासाठी स्टूल मागितले. ते दचकले. "प्रभूचं दुःखसहन, आणि बसून? ऐंशीचे म्हातारे उभे असतात! दिवस असते तर गोष्ट वेगळी, बाळा. लोकांना कारण दिसायला हवं ना."

"मग मी वाचणार नाही," म्हणाले.

हे मी म्हणाले! ऑल्विन दोन हातांवर होता. तो चपला शोधू लागला.

मंगळवार, १९ मार्च

आज जेवताना ऑल्विनने अचानक विचारले — "दुखतं म्हणजे कसं दुखतं?"

निबंधाची एवढी बक्षिसे मिळवली; शब्द मात्र सुचेना. शेवटी विचारले, "तुमच्या वाडीतल्या विहिरीवरच्या रहाटाचा आस खाचेत नीट बसला नाही, तर काय होतं?"

"फिरतो की. पाणीही येतं. पण लाकूड झिजतं."

"आणि भरल्या लोट्यांसकट उभाच ठेवला तर?"

घास हातातच राहिला. "आजोबा कधी ठेवू द्यायचे नाहीत," म्हणाला, आणि उठून हात धुतले.

शुक्रवार, २२ मार्च

सकाळी भाकऱ्या भाजायला गेले, तर स्टूल जागेवर नाही! विचारायला ऑल्विनही नाही.

हॉलवर पोहोचले. वाचनपीठापाशी स्टूल. आमचेच — एका पायाला मी गुंडाळलेली चिंधी. नॉर्मन अंकल कानाशी पुटपुटले, "पहाटेच घेऊन आला. आल्यागेल्या प्रत्येकाला सांगत होता — बाळ नाही, खुबा आहे. आईलाही फोन करून तेच सांगितलं म्हणे." मग घसा खाकरून — "आवाज मोठा ठेव."

सारी मंडळी उभी राहिली. ऑल्विन मागे, भिंतीपाशी.

मी बसले, आणि वाचायला सुरुवात केली.