रिकामी बस जड लागते

अण्णा, तुमची बस बंद झाली. डेपोत दुसऱ्या बसेस आहेत, ट्रामही आहे, पण टेकडीवरच्या आपल्या घरापासून हॉस्पिटलवरून मार्केटला जाणारी, तुम्ही रिटायर होईपर्यंत चालवलेली ती बस आता येत नाही. स्टॉपचा खांब अजून उभा आहे. वरची पाटी तेवढी काढून नेलीय. तुम्ही गेलात त्यालाही आता बरीच वर्षं झाली, आणि तुम्हाला कळवण्यासारख्या कितीतरी गोष्टी मधे होऊन गेल्या. माझं लग्न मोडलं तेव्हा नाही लिहिलं, घर घेतलं तेव्हा नाही, आणि आता एका बससाठी लिहायला बसलेय. तुम्ही हसला असतात. पण घरात हे तुमच्याशिवाय सांगायचं तरी कुणाला?

तुम्हाला आठवतं का, मी नुकतीच सेकंडरी स्कूलला जायला लागले होते आणि एकदा तुमच्याच बसनं घरी आले. उतरताना सगळे म्हणतात तसं मीही म्हणाले, "थँक्यू, ड्रायव्हर." नॉटिंगहॅमात न म्हणता कुणी उतरतच नाही. म्हाताऱ्या बायका तर थँक्यूऐवजी लाडानं "टा, डक" म्हणत, जसे काही तुम्ही त्यांचे धाकटे भाऊ. संध्याकाळी तुम्ही किचनमध्ये थर्मास विसळत होता, आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "घरच्या माणसाला थँक्यू म्हणतात का? मी काय तुझ्यावर उपकार केले?" मी रडवेली झाले. म्हणाले, "मग आई कशी म्हणते?" कारण आई म्हणायचीच. हॉस्पिटलच्या लाँड्रीतली ड्युटी संपवून ती तुमच्या बसमध्ये चढायची, आपल्या स्टॉपला उतरताना मान वाकडी करून ठसक्यात म्हणायची, "थँक्यू, ड्रायव्हर," आणि तुम्ही आरशात बघत म्हणायचात, "वेलकम, मॅडम." तुम्ही थर्मास उपडा ठेवलात आणि म्हणालात, "ती पॅसेंजर आहे. तू मुलगी आहेस." आई पोळी लाटता लाटता इतकी हसली की पोळीचा नकाशा झाला. मी त्यानंतर तुम्हाला कधीच थँक्यू म्हटलं नाही, तुमच्या आजारपणातसुद्धा नाही.

बसचा तुम्हाला एवढा अभिमान का होता ते मला फार उशिरा समजलं. तुमच्या वडिलांना गावात कुणी बैलगाडीत बसू देत नसे, ते गाडीमागून चालत यायचे, हे तुम्ही मला एकदाच सांगितलं, चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाहून परत येताना. नंतर लगेच म्हणालात, "माझ्या गाडीत बघ. ज्याला जिथं जागा मिळेल तिथं तो बसतो. डॉक्टरच्या शेजारी झाडूवाला." कुणी धावत येताना आरशात दिसलं की तुम्ही थांबायचात. इन्स्पेक्टर त्यावरून बोलला तरी तुमचं थांबणं काही सुटलं नाही. आणि दुपारी बसमध्ये कुणीच नसलं की घरी येऊन म्हणायचात, रिकामी बस हाकायला जड लागते. मी शाळेत फिजिक्स शिकत होते. तुम्हाला समजावून सांगायला जायचे की माणसं कमी म्हणजे वजन कमी. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि म्हणायचात, "बरं बाई. पण जड लागते."

आता माझं काम सांगते, म्हणजे तुम्हाला पुढचं कळेल. मोठमोठ्या अमेरिकन शहरांत बसनं आणि ट्रेननं किती लोक जातात, किती जायचे बंद झाले आणि का, याचा अभ्यास करणाऱ्या एका ऑफिसात मी आहे. ऑफिस म्हणजे माझ्या घरातली मागची खोली. त्या देशात मी एकदाच गेलेय. कोविडनंतर तिथल्या ऑफिसच्या भागांत जाणाऱ्या ट्रेन ओस पडल्या, कारण ती माणसं माझ्यासारखी घरी बसून काम करायला लागली. बसेस मात्र त्या मानानं टिकल्या, कारण घरी बसून फरशी पुसता येत नाही, की पेशंटची कूस बदलून देता येत नाही. आणि जिथं माणसं कमी म्हणून फेऱ्या कमी केल्या, तिथं वाट बघून कंटाळलेल्यांनी जुन्यापान्या गाड्या घेतल्या. मग माणसं आणखी कमी, म्हणून फेऱ्या आणखी कमी. हे सगळं मी छान ग्राफ काढून समजावते. आणि इकडे आपल्या टेकडीवरची बस तासाला एक झाली, मग दोन तासांनी एक झाली, तेव्हा मला पत्ताही नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आईनं सांगितलं तेव्हा कळलं. आईचा गुरुवार तुम्हाला माहीत नाही, तो तुमच्यानंतरचा. दर गुरुवारी ती फुकटच्या पासवर मार्केटला जाते. लाँड्रीत तिच्याबरोबर होती ती जमैकन मैत्रीण पुढच्या स्टॉपवर चढते, आणि दोघी दाराजवळच्या सीटवर बसतात. मार्केटमध्ये त्यांना काहीच घ्यायचं नसतं. एखादं रताळं, थोडी कोथिंबीर, एक कप चहा. खरी भेट बसमध्येच. बस बंद व्हायच्या आधी लायब्ररीत एक मीटिंग ठेवली होती. आई म्हणाली, "तू चल आणि सांग त्यांना. तुझं कामच आहे ना ते?" मी गेले. बोललेसुद्धा, फेऱ्या कमी केल्या की माणसं कशी तुटतात ते. बस कंपनीचा माणूस भला होता. त्यानं शांतपणे सांगितलं की डिमांडच उरली नाही, आणि आता फोन करून बोलवायची छोटी गाडी सुरू होईल, फक्त आदल्या दिवशी बुक करायची. तो वापरत होता ते सगळे शब्द माझे होते, अण्णा. रोज मी तेच लिहिते. मला त्याच्याशी भांडता आलं नाही. घरी येताना आई एवढंच म्हणाली, "उद्या मला कुठं जावंसं वाटेल ते आज कसं कळणार गं?"

शेवटच्या दिवशी दुपारी आई, तिची मैत्रीण आणि मी खाली मार्केटला गेलो आणि शेवटच्या बसनं परत आलो. बस खच्चून भरली होती. गेल्या कित्येक वर्षांत जी माणसं तीत चढली नव्हती ती सगळी निरोपाला आली होती, मुलांना खांद्यावर घेऊन, फोनवर फोटो काढत. आईची मैत्रीण मला म्हणाली, "व्हेअर वर यू लॉट ऑल धिस टाइम, लव्ह?" ती हसत होती. मी आईकडे आले होते तीसुद्धा कारनंच. शेवटच्या स्टॉपसमोर माझीच कार लावलेली होती. उतरताना मोठी रांग लागली आणि प्रत्येक जण ड्रायव्हरला थँक्यू म्हणत होता. ड्रायव्हर कोवळी पोरगी होती, तिचे डोळे भरून आले होते. आई दारापाशी थांबली, दांडा धरून नीट उभी राहिली आणि तुमच्या वेळच्याच ठसक्यात म्हणाली, "थँक्यू, ड्रायव्हर." पोरगी म्हणाली, "टेक केअर, माय डार्लिंग." आई तरी क्षणभर तिथंच उभी. दुसरं उत्तर येणार नव्हतं हे तिलाही माहीत होतं. मग ती सावकाश उतरली.

त्या छोट्या गाडीला आईनं एकदा फोन केला. गाडी आली, पण मैत्रिणीच्या स्टॉपवरून ती जाणार नव्हती. मग मी म्हटलं, मी सोडत जाईन. पहिल्या गुरुवारी दोघींना नेलं, आणलं. दारात उतरताना आई मला म्हणाली, "थँक्यू." ठसका नाही, थट्टा नाही, मान वाकडी नाही. हळूच, परक्या माणसाला म्हणावं तसं. 'वेलकम, मॅडम' अगदी ओठांवर आलं होतं, पण ते तुमचं होतं, माझ्या तोंडून निघेना. मी उलट चिडून म्हणाले, "आई, घरच्या माणसाला थँक्यू म्हणतात का?" ती म्हणाली, "अगं, तुझं काम टाकून आलीस ना." मला इतकं वाईट वाटलं, अण्णा. जिनं जन्मभर कुणाला सोडायला-आणायला सांगितलं नाही, ती आता पोटच्या मुलीचे उपकार मानतेय. तुमच्या बसमध्ये ती पॅसेंजर होती. माझ्या गाडीत ती ओझं झालीय, असं तिला वाटतं.

असे काही गुरुवार झाले. एकदा माझी मीटिंग होती ती मी पुढे ढकलली, आणि फोनवर तसं बोलताना आईनं ऐकलं. पुढच्या गुरुवारी ती म्हणाली, "राहू दे आज. गुडघे दुखतायत." त्याच्या पुढच्या गुरुवारीही गुडघे. आता दोघी मैत्रिणी फोनवर बोलतात, पण दोघींनाही कमी ऐकू येतं, त्यामुळे "काय? काय?" जास्त आणि गप्पा कमी. या आठवड्यात एका अमेरिकन शहराच्या रिपोर्टमध्ये मी वाक्य लिहिलं, की या शहरातले वयस्कर प्रवासी परत आलेले नाहीत. ते कुठं गेले असतील, हा प्रश्न आमच्या कामात कुणी विचारत नाही. तशी एक मला माहीत आहे. ती किचनच्या खिडकीशी बसून पाटी नसलेल्या खांबाकडे बघत असते.

हे पत्र लिहून झालं की आईला वाचून दाखवावं असं सुरुवातीला मनात होतं. तुमचा थर्मास, पोळीचा नकाशा ऐकून ती हसली असती. पण आता दाखवणार नाही. कारण आईचे गुडघे दुखत नाहीत, अण्णा. परवाच मी गेले तेव्हा ती मागच्या अंगणात उकिडवी बसून मेथीचा वाफा खुरपत होती, आणि मला बघून घाईघाईनं उठून गुडघा चोळायला लागली. मी न बघितल्यासारखं करून चहा टाकायला आत गेले. ती पहिल्यांदा "राहू दे" म्हणाली ना, तेव्हा मला हायसं वाटलं होतं.