टाळ्यांशिवाय आरती

गुरुवार, संध्याकाळ

चारकोपला आल्यापासून पहिल्यांदाच जुई सोसायटीच्या गणपतीच्या आरतीला शेवटपर्यंत थांबली! माझी ही स्वमग्न बहीण दरवर्षी झांजा-टाळ्या सुरू झाल्या की कान दाबून घरी पळायची. यंदा तिच्या शाळेतल्या बाई सगळ्यांशी बोलल्या आणि आरती झांजा-टाळ्यांशिवाय झाली. मलाच अवघडल्यासारखं. कुणाला त्रास द्यायचा नाही, हे आईने आधी शिकवलं, अक्षरं नंतर.

शेजारच्या नाईककाकांचे हात सवयीने सारखे वर येत होते. शेवटी त्यांनी ते खिशात कोंबले.

"सॉरी काका, आमच्यामुळे..."

"गप गं! इतकी वर्षं ही पोर घरात बसली, तेव्हा आम्ही कुठे सॉरी म्हणालो?"

मी उगाच का माफी मागते? काकांचे ते खिशातले हात डोळ्यांसमोरून जात नाहीत. प्रसाद घेताना जुईने त्यातला एक हात ओढून बाहेर काढला आणि आपला अर्धा मोदक त्यावर ठेवला.