देव राहायला गेले, आम्ही अजून इथेच

तीर्थस्वरूप शहाजीमामांना सोलापुराहून अभिमन्यूचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींनी पाठवलेलं हुलग्याचं पीठ पोचलं, त्याचे शेंगोळे झाले आणि संपलेही. इकडे सगळ्यांची प्रकृती ठीक आहे, माझं डोकं सोडून.

तुमचा निरोप मिळाला. माघात तुमच्या शिवराजचं लग्न, त्याला नोकरीही इथेच लागलेली, तेव्हा नवी पेठेच्या मागच्या तुमच्या दोन खोल्या मी आता सोडाव्यात, हे तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे. (दुसऱ्या एखाद्या मामाने केव्हाच आमची भांडी बाहेर काढली असती.) पण मी मुद्दाम चालढकल करतोय असं मामी म्हणाल्याचं कळलं, ते मात्र जिव्हारी लागलं. मामा, दोष माझा नाही. दोष बँकेचा आहे, आणि थोडासा तुमचा.

गुरुबसप्पांचा राहता फ्लॅट मी कसा घेतोय ते तुम्हाला ठाऊक आहेच. त्यांचा टॉवेलचा कारखाना बसला आणि तारण ठेवलेलं घर विकून जे येईल त्यापेक्षा बँकेचं देणं मोठं होऊन बसलं. बँक म्हणाली, गिऱ्हाईक आणा, येईल त्या किमतीत मिटवून टाकू, फक्त वरून मंजुरी यावी लागेल. गिऱ्हाईक म्हणजे मी. हे ‘वर’ कुठे असतं ते मला आजवर कळलेलं नाही. शाखेतले साहेब बोट छताकडे दाखवतात, आणि छताला एक पंखा आहे, तोही बंद. आधी म्हणाले, पंधरवड्यात होईल. मग साहेबांचीच बदली झाली. नव्या साहेबांनी सगळे कागद पहिल्यापासून मागितले. ते दिले, तर म्हणाले घराची किंमत ठरवून फार दिवस झाले, ती आता शिळी झाली, पुन्हा ठरवावी लागेल. (अहो, शिळी झाली ती कोणामुळे?)

आता तुमचा वाटा. पंधरवड्यात होईल हे ऐकून तुम्हीच फोनवर म्हणालात, की पुढे चातुर्मास लागतोय, मुहूर्त चुकवू नकोस, कागद येतील मागून. गुरुबसप्पा पडले भले गृहस्थ. “करा की, देवाला कोन न्हाई म्हनतंय,” म्हणाले. म्हणून त्यांच्या राहत्या घरात आमची वास्तुशांत झाली. त्यांच्या निंगव्वाबाईंनी तुमच्या भाचेसुनेच्या, पिंकीच्या बरोबरीने पोळ्या लाटल्या, तुम्ही त्या आवडीने खाल्ल्यात. गुरुजींनी देव्हाऱ्यात देव बसवले आणि जाता जाता बजावलं, आता हे हलवायचे नाहीत. तेव्हापासून आमचे खंडोबा आणि भवानी फ्लॅटमध्ये ऐसपैस राहतात, आणि आम्ही तुमच्या दोन खोल्यांत. पिंकी रोज सकाळी रिक्षा करून पूजेला जाते. तिला जमलं नाही की निंगव्वाबाई दिवा लावतात. (खंडोबाला आता कन्नड चांगलं कळू लागलं असेल.)

आणि किंमत ठरवणारा माणूस दुसऱ्यांदा आला तो नेमका यावर. दारावर माझ्या नावाची पाटी, जी शिवराजने आहेरात दिली आणि हौसेने स्वतःच ठोकली. आत आमचा देव्हारा. तो गुपचूप फोटो काढून गेला. वरून विचारणा आली, घरात तिऱ्हाईत इसम राहतो असं दिसतं, त्याचा भाडेकरार जोडा. मी लेखी दिलं की आम्ही तिथे राहत नाही, फक्त आमचे देव राहतात. त्यावर नवे साहेब गंभीरपणे म्हणाले, “म्हणजे ताबा देवांकडे आहे का?” मामा, मी साडीच्या दुकानात उभा असतो. ढीगभर साड्या उलगडून एकही न घेता बाई उठल्या तरी मी हसून पाणी विचारतो. पण त्या दिवशी मी साहेबांच्या टेबलावर हात आपटला. (हाताला लागलं.) शेवटी सोबत आलेल्या गुरुबसप्पांनीच मला बाहेर नेलं. “अण्णा, देव तुमचं, घर बँकेचं, आमी नुस्तं दिवा लावायला हाय. चला, चा पिऊ.” ज्याचं घर चाललंय तो मला चहा पाजतोय, याची मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला.

पाटी काढली, नवा फोटो पाठवला, आता वाट बघतोय. मंजुरी आली की त्याच दिवशी तुमच्या खोल्या रिकाम्या करून देईन, ही खंडोबाची आण. मामींना नमस्कार, नवरदेवाला आशीर्वाद.

आपला ताटकळलेला भाचा,
अभिमन्यू

ता. क. पत्र पाकिटात घालणार तोच बँकेतून फोन आला. मंजुरी आली. संध्याकाळी पेढे घेऊन गेलो. निंगव्वाबाई पेढा हातात धरून बसल्या, तोंडात घातला नाही. त्यांची ऋतुजा बारावीला आहे, परीक्षा तोंडावर आलेली. देव्हाऱ्याशेजारी पुस्तकं पसरून बसली होती, तिथे उजेड बरा येतो. “जातो की आमी, बघतो कुटंतरी,” गुरुबसप्पा म्हणाले. कधी जाता, असं विचारायला मी तोंड उघडलं आणि म्हणालो, व्यवहार उरकून घेऊ, पण पोरीची परीक्षा होऊ द्या, ताब्याचं पाडव्याला बघू. पिंकीने मला चिमटा काढला नाही, म्हणजे तिच्याही मनात तेच होतं.

ता. क. २. तेव्हा मामा, तुमच्या खोल्या पाडव्यापर्यंत लागतील. नव्या सुनेने सुरुवातीला तुमच्याकडे करमाळ्यातच सासूजवळ राहावं, माया लागते. शिवराज शनिवारी येत जाईल. आणेबद्दल खंडोबाशी मी बोललो आहे. वरून मंजुरी घेऊन (वर म्हणजे मामी) उत्तर ताबडतोब कळवा. कोणी मला ताटकळत ठेवलेलं मला अजिबात खपत नाही.