खुंट्यांच्या आत

सोमवार, ४ तारीख
पोचले एकदाची! मला अक्षरओळख नाही, म्हणून नातीने फोनमध्ये सोय करून दिलीय. मी बोलायचं, त्याने लिहून घ्यायचं. बिचाऱ्याचे हाल आहेत. नात इथे तेल शोधणाऱ्या खोदकामाची मुख्य. पूर्वी म्हणे दर विहिरीला वेगळं मैदान, वेगळा रस्ता लागे. ही एकाच आवारातून जमिनीखाली तिरप्या बारा विहिरी काढते, वरचं गवत जसंच्या तसं. आवाराला पांढऱ्या खुंट्या. त्यांच्या बाहेरचं सगळं पूर्वी होतं तसं परत करायचं, असा करार. स्वतःची खोली कधी आवरली नाहीस, पृथ्वी काय आवरणार, असं विचारलं. म्हणाली, आजी, आल्या आल्या सुरू झालीस!

बुधवार, ६
सकाळच्या फेरीत पावलं मोजायची माझी सवय. स्वयंपाकाच्या खोलीपासून खुंटीपर्यंत काल चाळीस भरली, आज तीस. माझे पाय या वयात लांब व्हायचे नाहीत. खुंटीच्या जुन्या जागी खड्डा नाही, गुडघाभर दाट गवत. मुकादम शपथेवर सांगत होता, मी हात लावला नाही. नात मात्र हरखली. इतक्या थोड्या जागेत कुणीच काम केलेलं नाही म्हणाली, आणि नवं माप आपलंच म्हणून सही करून वर पाठवलं. कुणी केलं ते आधी विचार, म्हटलं. तर म्हणे, तुला माझं चांगलं बघवत नाही.

शुक्रवार, ८
स्वयंपाकाची खोली नाही. आचारी आत कांदा चिरत होता. आजीबाई, मीठ कमी म्हणाल तर उद्यापासून तुम्हीच रांधा, असं ओरडत होता, आणि बोलणं अर्धंच राहिलं. खुंट्या अलीकडे, तिथे गवत. मुकादम त्याला शोधायला धावला. खुंटी ओलांडली — बूटसुद्धा उरला नाही. नातीने काम थांबवलं. सही मागे घेते म्हणून वर फोनवर फोन केले. तिकडून तिचं अभिनंदन झालं.

शनिवार, ९, सकाळ
बंद ट्रकमध्ये काही होणार नाही, म्हणून बाकीचे ट्रकने निघाले. आम्ही पुढच्या खेपेला जाणार होतो. ट्रक खुंट्यांशी पोचला नि — गवत हललं तेवढं. आता दोघीच, खोदकामाच्या लोखंडी मनोऱ्याखाली. माझ्यामुळे झालं, म्हणून रडते. रड नंतर, म्हटलं, आधी पाय आत घे.

दुपार
खाटेएवढी जागा. खुंट्या हलताना दिसत नाहीत. पापणी मिटली की जवळ. आळीपाळीने डोळे उघडे ठेवतोय — उपयोग नाही —

उन्हं कलली
एकीपुरतीच उरेल. मी ऐंशी वर्षं हिंडले, पुरे. जरा पाठ फिरव, टेकून चपलेतला खडा काढते, म्हणाले. बाई वस्ताद — वळली नाही, हात घट्ट धरलाय. सोड, मोठी मी आहे, आधी मी — अगं हसतेस काय — नको, पाय मागे नको टाकू, तू नको — पोरी —
मुठीत नुसतं गवत — थांब, मी आले, मी —